भट्टीच्या विटा

१४ जानेवारी

वन्सं,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असेल, तर आधी एवढं वाचा. घरी कुणी गेलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही आणि आम्हाला पैसेही नकोत. पत्र तुमच्या भावानं लिहायला सांगितलेलं नाही, त्यांना ठाऊकही नाही. ते कामावर आहेत आणि मी दुपारच्या पाळीला निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे उरकतेय.

तुमचा जुना नंबर लागत नाही. हा पत्ता कंपनीनं वाटलेल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा, मुख्य ऑफिसचा. एवढ्या मोठ्या इमारतीत आपली लिपी वाचणारं तुमच्याशिवाय कुणी नसेल, तेवढाच आडोसा. ‘वन्सं’ म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, नाटकातली सासुरवाशीण बोलतेय असं वाटतं म्हणायचात. पण इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणायची वेळच आली नाही.

तुम्ही तिकडं निघालात तेव्हा तुमचे बंधू काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. “आपलं भंगार विकत घेणाऱ्यांच्या दारात माझी बहीण नोकरीला चाललीय,” असं चारचौघांत म्हणाले. तेव्हा त्यात कुणाला काही खोटं वाटलं नव्हतं. आपल्या काचकारखान्यातली जुनी यंत्रं खरंच तिकडं जायची, आणि ती चालवायची कशी हे दाखवायला हेच जाऊन आले होते. परत आल्यावर त्या लोकांच्या नकला करून घर हसवायचे. गेल्या वर्षी त्याच लोकांनी कारखाना घेतला. नकला बंद आहेत.

आता बस त्यांची, बंदर त्यांचं, विजेचा मीटर त्यांचा. तुमच्या कंपनीचं नसेल ते तिच्या भावंडांचं. परवा मी मीटरवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते तर चिमणी म्हणाली, “आई, ज्या फोनवरून तक्रार करतेयस ना, तोही त्यांचाच.” चिमणी म्हणजे तुमची भाची. तुम्ही गेलात तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. आता सगळे आहेत, आणि तोंडाला लगाम नाही.

कामाचं लिहिते. भट्टी म्हातारी झालीय. चिमणी शाळेत जायला लागली त्या वर्षी पेटवली, तेव्हा तुम्हीही बघायला आला होतात. तेव्हापासून एकदाही विझलेली नाही. आता आतल्या विटा झिजल्यात. ती पाडून नवी बांधायची की कारखानाच गुंडाळायचा, हे तुमच्या ऑफिसात ठरणार आहे असं कळतं. तुम्ही त्याच खात्यात वरच्या खुर्चीवर आहात असंही कळतं. भट्टी गेली तर इथं काय उरेल हे तुम्हाला मी सांगायला नको. हे भट्टीवर, मी बाटल्यांच्या तपासणीवर. घरात तिसरी मिळकत नाही आणि गावात दुसरा कारखाना नाही.

शब्द टाका असं म्हणत नाही. काय केलं म्हणजे भट्टी राहील, एवढंच सांगा. आम्ही करू.

तुमची भावजय


२ मार्च

वन्सं,

उत्तर पोचलं. चारच ओळी, पण मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता पाठ म्हणून दाखवीन. ‘बांधणीला काही महिने लागतात. तेवढे महिने गिऱ्हाइकांना पुरेल इतका माल गोदामात असेल तर बांधणीच्या बाजूनं बोलायला इथं जागा राहते. नसेल तर राहत नाही. यापुढे घरच्या पत्त्यावर लिहा.’ खुशाली नाही, विचारपूस नाही. तुमच्या आईंचा स्वभाव कुठं गेला असं वाटायचं, तो सापडला.

हे पत्र लपवायचं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर पुढं ठेवलं.

“तिनं लिहिलंय?”

“नाही, मीच तिची नक्कल केली. तुम्हालाच नकला येतात असं थोडंच आहे?”

“अक्षर अजून तसंच. मुंग्यांची रांग.” परत वाचलं. चष्मा पुसला, आणखी एकदा वाचलं.

“मग? काय म्हणता?”

“म्हणायचं काय? भरू गोदाम.”

एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले. पण नळ बराच वेळ चालू होता.

तुमचे चार शब्द होते म्हणून ऐकलं, वन्सं. हेच शब्द तुमच्या त्या साहेबानं ऐकवले असते तर उलट उत्तर आलं असतं. आमचा नवा साहेब अगदी तरुण आहे. त्याला सगळे ‘कोवळा’ म्हणतात. बोलायला इतका नम्र की भांडायची सोय नाही. मशीनवरच्या बाईलाही वाकून, मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत विचारतो, “तुम्हाला काही अडचण?” आमची अडचण तोच, पण तोंडावर कसं सांगणार?

चिमणी तिकडची भाषा शिकतेय. फोन कानाशी धरून दिवसभर पुटपुटते. मी आधी म्हटलं, पोरगी प्रेमात पडली. बरं झालं असतं.

तुमची भावजय


११ मे

वन्सं,

उशीर झाला. उसंत म्हणून नाही. पाळी संपली तरी आम्ही थांबतो, आणि घरी आल्यावर बोटं पेन धरायला तयार नसतात.

तुमची गोष्ट कामगारांच्या सभेत मांडायची वेळ आली तेव्हा संघटनेचे अण्णा उखडलेच. “ज्या कंपनीशी सुट्ट्यांसाठी भांडलो तिच्यासाठीच आता सुट्ट्या सोडायच्या? उद्या म्हणाल, तिचे पाय चेपा!” लोक हसले. अण्णांना हसू मिळालं की ते थांबत नाहीत. तेवढ्यात तुमचा भाऊ उठला. सभेत हा माणूस कधी बोलत नाही, भट्टीसमोर उभं राहून राहून बोलणंच आटलंय म्हणतात. म्हणाला, “तिथं माझी बहीण बसलीय. तिनं सांगितलंय. माझी बहीण खोटं सांगणार नाही.”

बस. एवढ्यावर हात वर झाले. सगळ्यात शेवटी अण्णांचाही.

तुमच्या भावाच्या तोंडून ‘माझी बहीण’ हे शब्द कधी ऐकले होते ते आठवेना.

तेव्हापासून कारखाना इरेला पेटलाय. साचे बदलताना मशीन थांबायचं, ते आता चहा गार व्हायच्या आत सुरू होतं. आमच्या पट्ट्यावर मागं दिवा लावलेला पांढरा पडदा आहे, त्याच्यासमोरून बाटल्या जातात आणि बुडबुडा, चरा, वाकडी मान दिसली की उचलायची. पूर्वी आम्ही बोलत बोलत उचलायचो, आता कुणी बोलत नाही. माझ्या शेजारची म्हणते, तिला जेवताना नवऱ्याची मानही वाकडी दिसते. मी म्हटलं, “ती लग्नापासूनच आहे, तेव्हा तपासणी केली नाहीस.”

म्हातारी भट्टी एवढी ओढली तर दुखणार, हे तुमचे बंधू जाणतात. विटांच्या फटीतून काच पाझरायला बघते, तिथं बाहेरून पाण्याचा फवारा धरून ती थिजवावी लागते. ते काम स्वतः करतात, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. हाताला थोडं भाजलंय, विशेष नाही.

गोदाम भरत आलंय. पूर्वीच्या मालकांच्या काळात गोदाम भरलं की मालक स्वतः येऊन पाठ थोपटायचे. आमच्या डोक्यात अजून तेच आहे, भरलेलं गोदाम म्हणजे भरलेलं घर. कोवळ्यानं येऊन बघितलं. त्याचा चेहरा उजळायला हवा होता. “खूपच केलंत तुम्ही,” म्हणाला आणि खाली बघत निघून गेला. आम्हाला वाटलं, लाजला.

तुम्ही वर बोललात का? एक ओळ टाका.

तुमची भावजय


२० जुलै

वन्सं,

विटा आल्या!

तुमचं पत्र आलं नाही तरी विटा आल्या, म्हणजे तुम्ही बोललात. दुसरा अर्थ काय? बंदरावरून गाड्यांची रांग लागली आणि लाकडी खोक्यांनी मागचं आवार भरून गेलं. अण्णांनी एका खोक्याची फळी उचकटली. आत एकेक वीट कागदात गुंडाळलेली, गुळगुळीत, पांढरट, लहान मूल कडेवर घ्यावं एवढ्या वजनाची. बायका पाळी सोडून बघायला गेल्या. मीही गेले, आणि वीट हातात घेऊन वेड्यासारखी वास घेतला. वास कसला, मातीचाही नाही. तुमचे बंधू दोन विटा एकमेकींवर ठेवून मध्ये नख घालून बघत होते. नख जाईना. “आता परत विझायची नाही माझ्या जन्मात,” म्हणाले. अण्णांनी सगळ्यांसमोर यांचे खांदे धरले आणि म्हणाले, “तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग.” तो तुम्हाला पोचवते.

बांधायची तर आधी रिकामी करावी लागते. काल केली. तुम्ही पेटताना बघितलीत, ही विझताना बघायला नव्हतात तेच बरं. तळाच्या अंगाला भोक पाडलं आणि आतली काच वाहत्या पाण्याच्या पन्हळीत सोडली. लाल धार पाण्यात पडली की फुटायची, वाफेनं काही दिसायचं नाही, नुसती तडतड. भोक पाडायचा मान यांचा होता. धार बारीक होत होत थांबली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, पण तिला साथ मिळाली नाही.

भट्टी गार होतेय. गार होताना विटा आखडतात आणि तडकतात. बोट मोडावं तसा आवाज येतो, फक्त बोट माणसाएवढं. हे आवारात बसून ऐकतात. मी म्हटलं, जुनी जाणारच, नवी येतेय ना? मान हलवतात.

मागच्या पत्रात भाजल्याचं लिहिलं होतं ते विशेष नाही असं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. सांगू नकोस म्हणाले होते. पण आता काळजी नाही, बांधणी होईपर्यंत तेवढीच विश्रांती.

तुमची भावजय


९ ऑगस्ट

वन्सं,

विटा परत गाड्यांत भरताहेत.

आम्ही फाटकाशी उभे आहोत. कोवळा म्हणतो, त्याला वरून आदेश आहे. वरून म्हणजे तुमच्याकडून का? फोन नंबर कळवा. पत्रानं हे व्हायचं नाही.


३० ऑगस्ट

वन्सं,

नंबर आला नाही. म्हणून पत्रच.

विटा गेल्या. आम्ही अडवल्या नाहीत असं समजू नका. पहिल्या दिवशी फाटकासमोर बसलो. पण विझलेल्या भट्टीच्या कामगारांनी काम बंद ठेवण्याची धमकी कुणाला द्यायची? अण्णांनी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदा बघितला. आम्हाला म्हणू शकले असते, ‘मी सांगत होतो ना?’ म्हणाले नाहीत. यांच्याकडे बघून मान खाली घातली, त्यापेक्षा म्हटलेलं परवडलं असतं.

नंतर मी एकटीच कोवळ्याच्या खोलीत गेले. भाषेसाठी चिमणीला घेतलं. तो उठून उभा राहिला, दोघींना खुर्च्या दिल्या, स्वतः पाणी आणलं. मी म्हटलं, “त्याला सांग, पाणी नको, खरं सांग.” चिमणीनं काय सांगितलं कोण जाणे, तो खरंच बोलला.

विटा आधीच्या मालकांनी मागवलेल्या होत्या. वाटेत असतानाच मुख्य ऑफिसनं ठरवलं की त्या तिकडच्या नव्या कारखान्यात लावायच्या. बंदरावर ठेवायला भाडं पडतं, आमच्या आवारात पडत नाही, म्हणून त्या इथं उतरवल्या. आमच्या नव्हत्याच, वन्सं. मी पाहुण्याच्या सामानाचा वास घेतला.

“मग भट्टी का विझवायला लावली?” मी विचारलं.

“ती धोक्याची झाली होती. तुम्हीच ती फार ओढली.”

“आणि आम्ही ओढली नसती तर?”

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. मग हळूच काहीतरी म्हणाला. चिमणीनं ते लगेच सांगितलं नाही, मला तिच्या हाताला चिमटा काढावा लागला. “आई, तो म्हणतोय, गोदाम रिकामं असतं तर त्यांना यंदा बंद करता आलं नसतं. गिऱ्हाइकं तुटली असती. आपला माल तिकडचा कारखाना सुरू होईपर्यंत पुरेल.”

रोज गाड्या येतात आणि त्या बाटल्या घेऊन जातात. एकाही गिऱ्हाइकाचा एक दिवस खोळंबा झालेला नाही. बाटल्यांत खोट निघाली नाही म्हणून कौतुकाचं पत्रही आलंय. ते फलकावर लावलंय. तपासणीच्या बायकांचं विशेष अभिनंदन आहे.

उठताना मी त्या पोराला म्हटलं, “तुला आईबाप आहेत की नाही?” चिमणीनं ते मऊ करून सांगितलं असावं, कारण तो रागावला नाही. त्याचे वडील चाकांच्या कारखान्यात होते म्हणे. तो आपल्या इकडच्या एका कंपनीनं घेतला आणि वर्षाच्या आत कुलूप घातलं. तेव्हा साहेब इकडून गेला होता. फार सभ्य होता, लहान मुलांना खाऊ द्यायचा.

“मग तुला आमचं दुःख कळायला हवं होतं.”

“कळतं,” तो म्हणाला. “म्हणूनच या कामाला मला पाठवतात.”

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. चिडले असते, भांडी आपटली असती तर मी सांभाळलं असतं. म्हणाले, “भंगार कुणाचं कुणाकडे जायचं, पाळी असते.” आणि डाव्या हातानं जेवायला लागले. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं, तर म्हणाले, “तिला ठाऊक नसेल.” थोड्या वेळानं परत म्हणाले, “तिला ठाऊक नव्हतं.” मी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी विचारलं नाही म्हणून मी विचारते. त्या चार ओळी लिहिल्यात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का? माल कशासाठी लागणार आहे हे ठाऊक असून लिहिलंत, की तुम्हालाही कुणी तसंच सांगितलं होतं? सभेत एका माणसानं तुमच्या नावावर सगळ्या गावाचे हात वर करवले. त्या माणसाला आता रस्त्यानं जाताना लोक वाट देतात, शेजारून कुणी चालत नाही. तुमच्याकडून लांबण नको. ‘हो’ किंवा ‘नाही’. एक शब्द.


१७ ऑक्टोबर

ताई,

‘वन्सं’ लिहून खोडलं. तुम्हाला आवडत नाही ते आजपासून बंद.

मागच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते. आधी दुसरं.

कारखान्यातली यंत्रं खोलून नेली. साचेही गेले. गोदामात थोडा माल उरलाय, तेवढ्यापुरत्या आम्ही काही बायका गाड्या भरायला जातो. अण्णा मुलीकडे राहायला गेले. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांना ‘विकणे आहे’ची पाटी आहे. घेणारं कोण, हे पाटी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही. यांच्या बोटांचं डॉक्टर म्हणाले, आता अशीच राहतील. सकाळी नेहमीच्या वेळेला उठतात, बूट घालतात, आणि मग बूट काढतात.

कंपनीनं तिकडच्या नव्या कारखान्यासाठी भरती काढली. जुन्या कामगारांच्या मुलांना, भाषा येत असेल तर, शिकाऊ म्हणून घेणार. चिमणीनं आम्हाला न सांगता परीक्षा दिली आणि पास झाली. ज्या भट्टीला त्या विटा लागल्या, तिच्यावर. मला कळलं तेव्हा मी तिला नको नको ते बोलले. तुम्ही निघालात तेव्हा तुमचे बंधू बोलले होते त्याहून वाईट. ती म्हणाली, “आई, इथं राहून मी काय तपासू? तुमची तोंडं?” मी हात उगारला. तुमच्या भावानं तो धरला, न मिटणाऱ्या बोटांनी.

“जाऊ दे तिला,” म्हणाले. “या खेपेला कुणी काही बोलायचं नाही.”

ती पुढच्या महिन्यात निघेल. एक अट अशी की राहायची सोय उमेदवारानं स्वतः करायची आणि तिथल्या कुणा जबाबदार माणसाचा पत्ता द्यायचा. आम्हाला त्या देशात दुसरं कुणी नाही. मी तुमचा पत्ता दिलाय. विचारायला हवं होतं, पण मुदत संपत होती.

ती भाजी निवडून खाते, तिकडे लक्ष देऊ नका, उपाशी राहिली की सगळं खाते. सकाळी एका हाकेत उठत नाही. तोंडाळ आहे, पण कामाला वाघ आहे. घरभाड्याचा हिस्सा ती देईल, नको म्हणू नका, तिला मिंधेपण सोसत नाही. वडिलांच्या हाताबद्दल तिच्याजवळ काढू नका.

आता त्या प्रश्नाचं. उत्तर लिहिलं नसेल तर लिहू नका. लिहून ठेवलं असेल तर टाकू नका. ‘नाही’ असेल, तर ते खरं मानायची ताकद माझ्यात उरलेली नाही. आणि ‘हो’ असेल, तर मला पोरगी तुमच्या घरात पाठवता येणार नाही. पाठवल्याशिवाय तर भागणार नाही. म्हणून मी ते विचारलंच नव्हतं असं धरून चाला. मीही तसंच धरते. हा प्रश्न मी विचारला होता हे चिमणीला ठाऊक नाही, तिच्यासाठी तुम्ही फक्त आत्या आहात.

विमानतळावर तुम्ही आला नाहीत तरी ती पत्ता शोधत येईल, तेवढी भाषा तिला येते. दार वाजवायच्या आधी ती बाहेरूनच हाक मारते, लहानपणापासूनची खोड आहे. ‘आत्या’ म्हणून हाक मारील.

ओ द्या.

तुमची भावजय